हँडलाखालचे न फिरणारे बेअरिंग

दुचाकीच्या निगेसंबंधी आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात इंजिनाचे तेल, साखळीचा ताण, ब्रेकचे लायनर आणि टायरची हवा या चार विषयांचा अंमल इतका निर्वेध आहे की, पुढचे चाक व हँडल यांना चौकटीशी जोडणाऱ्या, आणि म्हणून चालकाचा हेतू प्रत्यक्ष दिशेत उतरविणाऱ्या, त्या दोन लहानशा बेअरिंगांची दखल बहुधा ती निकामी झाल्यावरच घेतली जाते. गॅरेजात या सबंध जोडणीला ‘कोनसेट’ म्हणतात, कोणी ‘बॉल रेसर’ म्हणतात, आणि सर्व्हिसिंगच्या तक्त्यात तिच्यापुढे ‘तपासणे’ एवढा एकच शब्द असतो. त्या शब्दाचा शिरस्त्याने ठरलेला अर्थ म्हणजे हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून पाहणे आणि पुढच्या कामाला लागणे. या उपेक्षेचे मूळ आळसापेक्षा एका गैरसमजुतीत अधिक आहे असे मला वाटते. चाकाच्या बेअरिंगाला जे नियम लागू पडतात तेच याही बेअरिंगाला लागू पडत असतील, असे आपण गृहीत धरून चालतो. आणि ग्रीस कोणते, किती, कधी, नट किती आवळायचा, इतकेच नव्हे तर बिघाड कशाने झाला, या सर्व प्रश्नांची चुकीची उत्तरे त्या एका गृहीतातून निघतात.

रचना सायकलीइतकी जुनी आहे. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने 1869 मध्ये छर्ऱ्यांच्या बेअरिंगाचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूर याने ज्या सायकलीवर जिंकली तिला अशी बेअरिंगे होती. पुढे 1883 साली श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिख फिशरने एकसारख्या मापाचे पोलादी छर्रे घासून काढणारे यंत्र सिद्ध केले. आणि पहिल्या मोटारसायकली म्हणजे इंजिन चढविलेल्या सायकलीच असल्यामुळे वाटी आणि कोनाची ही योजना त्यांच्याकडे वारसाहक्काने आली. चौकटीच्या शिरोभागी तिरपी बसविलेली एक नळी, तिच्या दोन्ही तोंडांत ठोकून बसविलेल्या पोलादी वाट्या, फोर्कचे दोन्ही पाय जोडणाऱ्या खालच्या ‘टी’चा नळीतून वर जाणारा दांडा, त्या दांड्यावरचे दोन कोन, आणि वाटी व कोन यांच्या दरम्यान गोलाकार मांडलेले छर्रे, एवढाच हा संसार. मद्रासेत 1955 पासून घडू लागलेल्या बुलेटच्या जुन्या घडणीत वर 19 आणि खाली 19 असे पाव इंच व्यासाचे सुटे छर्रे असत. गाडीच्या पुढच्या भागाचा भार रस्त्याकडून वर येताना प्रथम खालच्या छर्ऱ्यांवर येतो. वरचे छर्रे मुख्यतः दांड्याला बाजूने आवरून धरतात. याखेरीज पुढचा ब्रेक दाबला म्हणजे जमिनीपाशी निर्माण होणारा रेटा फोर्कच्या लांबीच्या तरफेने या दोन ठिकाणी येऊन पोचतो, आणि दोन बेअरिंगांमधले अंतर त्या तरफेच्या मानाने तोकडे असल्यामुळे ढोबळ हिशेबाने तो चार-पाच पटींनी वाढलेला असतो.

आता या बेअरिंगाच्या कामाचे स्वरूप पाहू, कारण सगळी गोम येथेच आहे. चाकाचे बेअरिंग मिनिटाला शेकडो वेढे घेते. त्याचा प्रत्येक छर्रा वाटीच्या सर्व परिघावरून सतत फिरत असल्यामुळे झीज सर्वत्र सारखी वाटली जाते आणि ग्रीस पुन:पुन्हा स्पर्शाच्या जागी ओढले जाते. हँडलाचे बेअरिंग आपल्या उभ्या आयुष्यात एकही पुरता वेढा घेत नाही. हँडल एका बाजूला फार तर 35 ते 40 अंश वळते, आणि दोन पृष्ठांमध्ये लोळणारा छर्रा त्यांच्या परस्पर-गतीच्या साधारण निम्मे अंतर कापत असल्यामुळे तो त्याच्याही निम्माच सरकतो. वर्तुळाचे 360 अंश 19 छर्ऱ्यांत वाटले, तर दोन छर्ऱ्यांमध्ये सुमारे 19 अंश येतात. अर्थात हँडल सरळ स्थितीतून एका बाजूला पुरे वळविले तरी छर्रा जेमतेम आपल्या शेजाऱ्याच्या जागेपर्यंत जातो. पण हे झाले गल्लीत गाडी वळवून घेण्याचे. पुणे-सातारा रस्त्यावर साठच्या वेगाने जाणारा चालक हँडल एखाद-दुसरा अंशच हलवीत असतो. पाव इंची छर्ऱ्यांच्या त्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे 20 मिलिमीटर धरली, तर हँडलाच्या एका अंशाला छर्रा सरकतो तो मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे तासचे तास, हजारो किलोमीटर, प्रत्येक छर्रा वाटीच्या एकाच ठिपक्यावर बसून राहतो आणि खालून येणारी थरथर सोशीत असतो.

या बैठ्या जीवनाचा परिणाम म्हणजे वाटीत समान अंतराने उमटलेल्या खाचा. जुने मिस्त्री म्हणतात, ‘खड्ड्यांनी वाटी चेचली’, आणि आपल्या रस्त्यांची स्थिती पाहता हे निदान कोणालाही पटण्याजोगे आहे. ते काही प्रसंगी खरेही असते: सैल कोनसेटची गाडी वेगात खड्ड्यात आदळली, तर छर्ऱ्याचा शिक्का पोलादात उमटू शकतो. परंतु बहुसंख्य खाचांची कथा निराळी आहे, आणि ती प्रथम दुसऱ्याच एका तक्रारीच्या निमित्ताने उलगडली. अमेरिकेत नव्या कोऱ्या मोटारी रेल्वेने दूरदूरच्या विक्रेत्यांकडे पाठविल्या जात. गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यापूर्वीच तिच्या चाकांच्या बेअरिंगांत समान अंतराचे खड्डे पडलेले आढळत. जनरल मोटर्सच्या जे. ओ. आल्मेन याने 1937 मध्ये दाखवून दिले की, हे खड्डे दाबाने चेचून झालेले नाहीत. वाघिणीच्या हादऱ्यांनी न फिरणाऱ्या बेअरिंगात अतिसूक्ष्म हालचाल होत राहते, स्पर्शाच्या जागेतील वंगण बाहेर ढकलले जाते, आणि त्याला परत आत आणण्याइतकी गती नसल्यामुळे पोलादावर पोलाद घासून बारीक भुकटी होते. ती भुकटी गंजून लालसर होते आणि पुढच्या झिजेला कानसच मिळते. प्रवास जितका लांबचा तितकी हानी अधिक, आणि गाड्या कोणत्या ऋतूत पाठविल्या यावरही ती अवलंबून, असे त्याला दिसून आले. रेल्वेच्या वाघिणीत त्या चाकांची जी अवस्था होई, तीच मोटारसायकलीच्या हँडलाच्या बेअरिंगाची आयुष्यभर असते.

निदान कोणते खरे, हे उघडलेली वाटीच सांगते. दाबाने पडलेल्या खळग्याच्या तळाशी कारखान्यातील घासकामाच्या मूळ बारीक रेघा बहुधा शाबूत राहतात, कारण तेथील धातू केवळ दबलेला असतो, झिजलेला नसतो; घर्षणाने झालेल्या खाचेत त्या रेघा पुसल्या गेलेल्या असतात, आणि कडेने तांबूस किंवा काळपट डाग असतो. भिंगातून पाहिले तर हा भेद नवशिक्यालाही ओळखता येतो. मी स्वतः ज्या जुन्या वाट्या पाहिल्या, त्यांत दुसऱ्या जातीच्या खाचा इतक्या अधिक होत्या की, रस्त्यांच्या खड्ड्यांवर जितका दोष ढकलला जातो तितका त्यांचा नाही, असे माझे मत बनले आहे. (नगरपालिकांनी यातून दिलासा घेण्याचे कारण नाही, फोर्क, रिम आणि मणके यांचा हिशेब त्यांच्या नावे स्वतंत्र आहेच.)

दुसरा शत्रू पाणी. महाराष्ट्रात, विशेषतः घाटमाथ्यावर आणि कोकणात, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पुढच्या चाकाने उडविलेले चिखलपाणी खालच्या वाटीच्या तोंडावर अखंड आदळत असते, आणि साध्या गाड्यांना तेथे पुष्कळदा रबराची सील असते ती नावालाच. वरून येणारे पावसाचे पाणी वरच्या नटाच्या फटीतून उतरते. तरीही निसर्गाच्या पाण्यापेक्षा मला सर्व्हिस स्टेशनवरच्या दाबाच्या फवाऱ्याची अधिक धास्ती वाटते. पाऊस वरून पडतो, फवारा मात्र हव्या त्या फटीत हव्या त्या कोनातून घुसतो. दसऱ्याच्या सकाळी पूजेसाठी गाडी चकचकीत करून आणावी म्हणून ज्या रांगा लागतात, त्या रांगांत उभ्या असलेल्या कित्येक गाड्यांचे कोनसेट त्याच दिवशी ग्रीसला मुकतात, आणि हँडलाला झेंडूचा हार घालणाऱ्या मालकाला त्याची गंधवार्ता नसते. पाणी शिरलेले ग्रीस ताकासारखे पांढुरके आणि पातळ होते. खालची वाटी उघडल्यावर असा लगदा निघाला, तर छर्ऱ्यांवर गंजाचे ठिपके शोधण्याची तसदी घेण्याचीही गरज नसते, ते असतातच.

एवढी पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे ग्रीसच्या निवडीचा वाद, जो चालकांच्या मंडळींत अहमहमिकेने चालतो, पुष्कळसा निवळतो. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळ्यात धरून ठेवलेले तेल. वंगणाचे काम तेल करते, साबण त्याला जागेवर राखतो. जुने सोडियम साबणाचे ग्रीस उष्णता बरी सोसे, पण पाण्यात विरघळे, सबब या जागी ते त्याज्य. कॅल्शियम साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण शंभर अंशांच्या आतबाहेर पातळ होऊन जाते. चाकाच्या ड्रमाजवळ हा दोष गंभीर, हँडलाच्या नळीत मात्र तितके तापमान कधी येतच नसल्यामुळे निरुपद्रवी. क्लॅरन्स अर्ल याने 1940 नंतरच्या दशकाच्या आरंभी ज्याचे पेटंट घेतले ते लिथियम ग्रीस उष्णता आणि पाणी या दोहोंपुढे बऱ्यापैकी टिकते, आणि आज कोणत्याही ऑइलच्या दुकानात डब्यातून मिळते ते बहुधा हेच असते. दाटपणाच्या श्रेणीत ‘2’ अंकाचे ग्रीस सर्वमान्य आहे. ज्याला कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत गाडी वापरायची आहे, त्याने नौकांसाठी विकले जाणारे कॅल्शियम सल्फोनेट जातीचे ग्रीस वापरावे. ते पाणी शिरल्यावरही आपले काम सोडीत नाही.

येथे एका लोकप्रिय समजुतीला छेद द्यावा लागतो. जितके ग्रीस घट्ट आणि चिवट, तितके ते भारी, असे मानण्याकडे आपला कल असतो. सूक्ष्म हालचालीच्या झिजेपुरते पाहिले तर उलट स्थिती आहे: जे ग्रीस आपल्यातील तेल सहज झिरपू देते, ते रिकाम्या झालेल्या स्पर्शस्थानी लवकर परत पोचते, फार दाट ग्रीस बाजूला सरकले की तेथेच बसून राहते. या गुणाच्या परीक्षेसाठी ए.एस.टी.एम. या मानकसंस्थेची स्वतंत्र चाचणी आहे. तीत बेअरिंग भाराखाली 12 अंशांच्या लहानशा कमानीत सेकंदाला 30 वेळा असे 22 तास हेलकावत ठेवतात आणि मग वाट्यांचे वजन किती घटले ते मोजतात. अर्थात गल्लीतल्या दुकानात असे आकडे डब्यावर छापलेले सापडत नाहीत, म्हणून व्यवहारात एवढेच पाहावे की ग्रीस चांगल्या कंपनीचे, ताजे आणि निर्धूळ असावे, आणि जुने पूर्ण धुऊन काढल्यावाचून त्यावर निराळ्या जातीचे थापू नये, कारण काही साबण एकमेकांत मिसळले की दोन्ही सैल पडतात. चाकाच्या बेअरिंगात ग्रीस ठासून भरले तर ते घुसळले जाऊन तापते, म्हणून तेथे एक-तृतीयांश ते निम्मी पोकळी भरण्याचा दंडक आहे. हँडलाच्या बेअरिंगात घुसळण्याचा प्रश्नच उद्भवत नसल्यामुळे वाटी निःसंकोच काठोकाठ भरावी, वर एक कडे बाहेरूनही चढवावे, कारण येथे ग्रीसवर वंगणाइतकीच पाण्याला अडविण्याचीही जबाबदारी असते.

मग उघडायचे केव्हा? छापील तक्ते किलोमीटरांत बोलतात. माझ्या मते या बेअरिंगाची मुदत पावसाळ्यांत मोजावी. रोज वापरातल्या गाडीचे, एक नाही तर निदान दुसरा पावसाळा सरल्यावर, ते एकदा पूर्ण उघडले जावे, आणि मध्यंतरी दर दोन-तीन महिन्यांनी परीक्षा व्हावी. परीक्षा सोपी आहे, पण पुढचे चाक अधांतरी केल्याखेरीज ती होत नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्यावा आणि हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश मधल्या स्थितीतून वळवावे. सरळ स्थितीपाशी ते जरासे अडून ‘खट्’ असे बसत असेल, तर खाचा पडल्या. मग फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवावी आणि दुसऱ्याने खालच्या वाटीच्या फटीवर बोट ठेवावे. तेथे हालचाल जाणवली तर कोनसेट सैल. फोर्कच्या बुशांची झीजही अशीच खडखडते, म्हणून बोट नेमके कोठे ठेवले आहे याला महत्त्व आहे. रस्त्यावरच्या लक्षणांत पुढचा ब्रेक दाबताच येणारा ‘टक्’ हा आवाज सैलपणाचा. हात हलका करताच सेकंदाला पाच-सात वेळा थरथरणारे हँडलही त्याच बाजूचे, मात्र तेथे टायरची झीज आणि चाकाचा तोल यांचीही साक्ष घ्यावी. उलट, सावकाश चालताना गाडी सरळ रेषेत न राहता एकदा इकडे, एकदा तिकडे कलत असेल आणि चालकाला सारखे हँडल सावरीत राहावे लागत असेल, तर नट फाजील आवळलेला आहे किंवा खाचा खोल गेल्या आहेत. या दुसऱ्या लक्षणाला लोक बहुधा गाडीचा स्वभाव समजतात आणि वर्षानुवर्षे त्याच्याशी जुळवून घेतात.

उघडण्याच्या कामात कौशल्यापेक्षा सबुरी अधिक लागते. चाक, मडगार्ड, हँडल आणि हेडलाइटच्या तारा बाजूला सारून वरचा नट सोडण्यापूर्वी खाली मोठी परात अथवा कापड पसरावे, कारण टी खाली सरकताच सुटे छर्रे वाट फुटेल तिकडे धावतात. ते मोजावेत, वरचे आणि खालचे निरनिराळे ठेवावेत, कारण कित्येक गाड्यांत दोहोंचे माप वेगळे असते. आणि भरताना थोडी फट उरली म्हणून विसावा छर्रा कोंबण्याचा मोह आवरावा, ती फट त्यांना लोळण्यासाठीच ठेवलेली असते. रॉकेल किंवा डिझेलमध्ये सर्व धुऊन, पुसून, वाटीच्या मार्गावरून नखाचे टोक फिरवावे. नख कोठे अडले तर वाट्या, कोन आणि छर्रे हा संच संपूर्ण बदलावा. जुन्या वाट्यांत नवे छर्रे ही काटकसर दोन महिनेही पुरत नाही. नवा संच हाती नसेल तर जुने मिस्त्री एक युक्ती करतात ती मात्र शास्त्रशुद्ध आहे: वाटी काढून छर्ऱ्यांच्या निम्म्या अंतराने, म्हणजे साडेनऊएक अंशांनी, फिरवून पुन्हा बसवितात. खाचा जागच्या जागी राहतात, पण हँडल सरळ असताना छर्रे वाटी आणि कोन या दोहोंच्या खाचांत एकाच वेळी उतरू शकत नाहीत, आणि गाडी नवा सुटा भाग येईपर्यंत निभावते. वाट्या बसविताना हातोडीचा घाव छर्ऱ्यांच्या मार्गावर पडता कामा नये. जुनी वाटी उलटी ठेवून तिच्यावर ठोकावे, किंवा त्याहून उत्तम म्हणजे लांब बोल्ट आणि जाड वॉशर यांनी ती सरळ ओढून घ्यावी. तिरपी बसलेली नवी वाटी खाचा पडलेल्या जुन्या वाटीपेक्षा काडीइतकीही बरी नसते.

नटाच्या आवळणीबाबत मात्र जेवढे गॅरेजांत फिरावे तेवढे मतभेद ऐकावे लागतात, आणि छन्नी-हातोडीने नटाच्या खाचेवर दोन ठोके देणे हाच बहुतेकांचा मापदंड असतो. उत्पादकांची पद्धत तीन पायऱ्यांची असते: प्रथम हुक-पान्याने नट चांगला आवळून छर्रे आणि वाट्या जागेवर बसू द्यावयाच्या, मग तो पूर्ण ढिला करावयाचा, आणि शेवटी पहिल्यापेक्षा पुष्कळ हलक्या जोराने पुन्हा आणावयाचा, त्यानंतर हँडल मधून किंचित ढकलताच ते आपल्या भाराने बाजूला पडावे, आणि फोर्क हलविता मुळीच हालचाल नसावी. वरची टी आणि मधला मोठा बोल्ट आवळल्यावर ही सैल-घट्ट स्थिती पुन्हा बदलते, म्हणून सर्व जोडणी झाल्यावर तपासणी नव्याने करावी. काही कारखाने याही पुढे जाऊन फोर्कच्या टोकाला तणावकाटा अडकवून हँडल ओढण्यास किती भार लागतो याची मर्यादा देतात. हा काटा महागडा नसूनही तो आपल्याकडे सहसा कोठे दिसत नाही.

राहिला प्रश्न छर्ऱ्यांऐवजी निमुळत्या रोलरांचा. हेन्री टिमकेनने 1898 मध्ये पेटंट घेतलेल्या या बेअरिंगात भार बिंदूऐवजी रेषेवर पेलला जातो, त्यामुळे त्याच भाराखाली पोलादावरचा दाब कमी राहतो आणि खाचा उशिरा पडतात. जड गाड्यांत आता ती सर्रास असतात, आणि जुन्या बुलेटवर हौसेने बसविणारेही पुष्कळ आहेत. फायदा खरा आहे, पण ती अमर नाहीत: थरथर आणि निष्क्रियता यांचा नियम रोलरांनाही लागू असल्यामुळे त्यांच्या वाटीतही बारीक उभ्या रेघा पडतात. शिवाय त्यांची उंची मूळ संचाशी जुळली नाही तर वरच्या नटाला आटे पुरत नाहीत, आणि फाजील आवळणीचा दोष त्यांच्यात छर्ऱ्यांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवतो. नॉर्टनने 1971 च्या सुमारास आपल्या ‘कमांडो’ मोटारसायकलीला साधी, दोन्ही बाजूंनी सीलबंद, चाकात घालतात तसली बेअरिंगे दिली आणि आवळणीचा प्रश्नच निकालात काढला. ती दशकानुदशके चालली, हे पाहता पाण्याला दाराबाहेर ठेवणे हे बेअरिंगाच्या जातीहून महत्त्वाचे असावे, या माझ्या मताला बळकटी येते. शंभर-सव्वाशे सीसीच्या रोजच्या गाडीला मूळ छर्ऱ्यांचा संच आणि वेळेवरचे ग्रीस पुरेसे आहे. बुलेटवर सामान लादून हिमालयात जाणाऱ्याने रोलर जरूर घालावेत. हार्ली-डेव्हिडसनच्या काही गाड्यांत नळीलाच ग्रीसचे निपल असते आणि न उघडता बंदुकीने ग्रीस भरता येते. ही सोय आपल्या पावसाळी प्रदेशातील गाड्यांना का नसावी, याचे समाधानकारक कारण खर्चाखेरीज मला सुचत नाही.

काम झाल्यावर एक तपशील उरतो, आणि तोच बहुधा राहून जातो. नव्या वाट्या नळीत आणि नवे छर्रे वाट्यांत पहिल्या काही शे किलोमीटरांत आणखी बसतात, आणि नीट आवळलेला कोनसेटही तेवढ्यात किंचित सैल होतो. चांगला मिस्त्री गिऱ्हाइकाला पाचशे किलोमीटरांनंतर परत बोलावतो; या दुसऱ्या फेरीचे तो पैसे घेत नाही, आणि तरीही दहांतले आठ जण फिरकत नाहीत, अशी त्याची कैफियत असते. तेव्हा ज्याने हे काम करून घेतले त्याने त्या दुसऱ्या आवळणीची तारीख टाकीवरच्या सर्व्हिसच्या चिठ्ठीवर तेथल्या तेथे लिहून घ्यावी, आणि हुक-पाना त्या गाडीच्या मापाचा असेल तर पाव तासाचे ते काम घरच्या अंगणातही होण्यासारखे आहे.